आत कोण जाणार

शनिवार, ३ सप्टेंबर १९९४

मॅनेजमेंटने मद्रासहून बोलावलेल्या ट्रेनिंगवाल्या साहेबांनी सांगितलं, ज्यांना माणसं सांभाळायची आहेत त्यांनी रोज डायरी लिहावी, म्हणजे आपल्या चुका आपल्याला दिसतात. औषध कंपनीची एक डायरी घरात कोरी पडलेली होती. ते इंग्रजीत लिहा म्हणाले होते, पण मी मराठीत लिहिणार. त्यात एक फायदाही आहे. आमच्या लेकीला, शिल्पाला मराठी धड वाचता येत नाही. हैदराबादेत वाढलेली, इंटरला म्हणजे अकरावी-बारावीला आहे, इंग्रजी फाडफाड बोलते, पण मराठीतला जोडाक्षराचा शब्द आला की अडखळते. आमचे हे, म्हणजे शिवराज, वीज मंडळातल्या फायली सोडून दुसरं काही वाचत नाहीत. तेव्हा मनातलं लिहायला हरकत नाही.

तर मनातलं हेच, की मी चूक केली. सरकारी दवाखान्यातली पक्की नोकरी सोडून या नव्या हॉस्पिटलात यायला नको होतं. इथे संगमरवरी फरशी आहे, बाहेरून आणलेली मशिनं आहेत, आणि मी दुसऱ्या मजल्याची नर्सिंग इनचार्ज आहे. पण हाताखालची एकही मुलगी मला घाबरत नाही.

मंगळवार, १३ सप्टेंबर

आज पुन्हा ट्रेनिंग. पडद्यावर बाण आणि चौकोन दाखवत होते. चांगल्या लीडरचा आवाज कसा असावा, उभं कसं राहावं, नजर कशी ठेवावी. मी सगळं उतरवून घेतलं. दुपारी वॉर्डात तसं उभं राहून बघितलं, तर भारती विचारते, "सिस्टर, कंबर दुखायलीय का?"

भारती बिदरकडची. नुकतीच शिकून आलेली, सुई टोचताना पेशंटच्या आधी हिचेच डोळे मिटतात. आज तिला एका म्हाताऱ्या बाईंची शीर सापडेना. रागवायला पाहिजे होतं. मी तिच्या हाताखाली हात धरून उभी राहिले आणि ती शीर सापडेपर्यंत त्या बाईंच्या नातवंडांच्या गोष्टी ऐकत बसले. त्यात बराच वेळ गेला.

आमच्या सरकारी दवाखान्यात ग्रेसम्मा मॅट्रन होत्या. त्यांच्या चपलांचा आवाज आला की अख्खा कॉरिडॉर गप्प व्हायचा. तसं मला जमत नाही. सुजाता तर मला सरळ सरळ जोखते. ती वरंगलची, हुशार, हात चपळ. तिला मस्कतची नोकरी लागली आहे, व्हिसा आला की जाणार. मी काहीही करत असले की ही लांबून बघत उभी असते. मनात म्हणत असेल, या बाईला इनचार्ज कुणी केलं. मला "मॅडम" म्हणते, तेही असं की अंगाला थंड लागावं.

शुक्रवार, २३ सप्टेंबर

सुरतेत प्लेग आलाय. पेपरात पहिल्या पानावर आहे आणि टीव्हीवर गाड्यांना लोंबकळून पळणारी माणसं दाखवतायत. प्लेग हा शब्द मी फक्त आजीच्या तोंडून ऐकला होता. हे संध्याकाळी तोंडाला रुमाल बांधून ऑफिसातून आले. अंबरपेठेतल्या एकाही मेडिकलमध्ये प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मिळेनात म्हणाले. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तू रजा टाकतीस का थोडे दिवस?"

मी म्हटलं, सुरत कुठे, हैदराबाद कुठे.

रविवार, २५ सप्टेंबर

आज सकाळी आला.

विठ्ठल नाव. बेगम बाजारातल्या एका साड्यांच्या दुकानात कामाला, माल घ्यायला सुरतेला गेला होता. अंगात सपाटून ताप, खोकल्यात रक्त, श्वास लागलेला. बायको बरोबर होती. कॅज्युअल्टीत तिने भाबडेपणाने सुरतेचं नाव घेतलं आणि स्ट्रेचर धरलेले दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर सोडून मागे सरकले. डॉक्टर सुधीर छातीच्या रोगांचे, तरुण आहेत. ते स्वतः ढकलत त्याला लिफ्टपर्यंत घेऊन आले. दुसऱ्या मजल्याच्या टोकाची काचेची खोली आयसोलेशनसाठी ठेवलेली आहे, आजवर तिच्यात कुणी झोपलं नव्हतं. ती माझ्या मजल्यावर म्हणून पेशंट माझा.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, प्लेग असेलच असं नाही, साधा न्यूमोनियाही असू शकतो, पण तपासणीचा निकाल यायला वेळ लागेल, तोवर प्लेग धरूनच चालायचं. स्ट्रेप्टोमायसिन सुरू करतो. आत एक नर्स सतत पाहिजे.

मी ड्यूटी रूममध्ये गेले. सगळ्या मुली तिथे होत्या, त्यांना कळलंच होतं. भारती रडत होती. मी एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. कुणाला म्हणायचं, तू जा? एकीचं लेकरू अंगावर पितं, एकीचं लग्न ठरलंय. ग्रेसम्मांनी नुसतं बोट दाखवलं असतं. माझं बोट वर होईना.

मी म्हटलं, "मी जाते."

मास्कवर मास्क बांधला आणि आत गेले. आता सकाळची ड्यूटी करून आले आहे, अंगणातच आंघोळ केली, कपडे उकळत ठेवलेत. हे जेवले नाहीत. शिल्पाला मी माझ्या खोलीत येऊ नको म्हणून सांगितलंय.

मंगळवार, २७ सप्टेंबर

काल आणि आज जवळपास सगळा दिवस आतच होते. विठ्ठलचं वय फार नाही. श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जातात. मधेच डोळे उघडले की विचारतो, "तुम्ही जाणार नाही ना?" मराठीच आहे, उदगीरकडचा. मी नाही म्हणते. त्याला बरं वाटतं.

आणि खरं लिहायचं तर मलाही आत बरं वाटत होतं. भीती होती, पण आत काम सरळ होतं. ऑक्सिजन, इंजेक्शन, पाणी पाजणं, कूस बदलणं. कुणाला काही सांगायचं नाही, कुणाचं काही ऐकायचं नाही.

दुपारी काचेवर टकटक झाली. सुजाता होती. तिने मास्क बांधला, दार किलकिलं केलं आणि उंबऱ्यावरूनच बोलली. बाहेरचं मला काहीच माहीत नव्हतं. दोघीजणी बॅगा घेऊन गावी निघून गेल्या होत्या. नारायणगुड्यात आमच्या मुली जिथे भाड्याने राहतात त्या घरमालकिणीने त्यांचं सामान ओट्यावर आणून ठेवलं होतं, आमच्या घरात प्लेग नको म्हणून. ऑपरेशन झालेल्या एका पेशंटचं सकाळचं इंजेक्शन द्यायचं राहून गेलं होतं. सुजाताला उशिरा कळलं, तिने धावत जाऊन दिलं. आणि वरून निरोप आला होता की पेशंटला साधा न्यूमोनिया आहे असं सगळ्यांना सांगावं.

मी म्हटलं, मी काय करू, मी इथे आहे.

सुजाता म्हणाली, "वोच तो मैं बोलरी. तुम अंदर बैठे तो बाहर हमारा कौन है?"

मला राग आला. मी इथे जिवावर उदार होऊन बसले आहे आणि ही मला सुनावते. मी म्हटलं, मग आत कोण येणार, तू?

"हौ," ती म्हणाली. "मैं आती. आप बाहर जाके उनसे लड़ो. मेरे से नै होता वो."

तिने गाऊन आधीच घातलेला होता. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

विठ्ठलला सांगितलं की ही सुजाता, माझ्यापेक्षा चांगली नर्स आहे, ती थांबेल. बाहेर आले. कॉरिडॉरच्या उजेडात उभी राहिले आणि वाटलं, परत आत जावं. आत जाताना इतकी भीती वाटली नव्हती.

बुधवार, २८ सप्टेंबर

कालचं पुढचं आज लिहिते.

बाहेर आल्यावर मी सगळ्यांना ड्यूटी रूममध्ये बोलावलं. आवाज कसा ठेवायचा, उभं कसं राहायचं, काही आठवलं नाही. मी स्टुलावर बसले आणि जे होतं ते सांगितलं. तो सुरतेहून आलाय. प्लेग असेल, नसेल, अजून कळलेलं नाही. असेल तर मास्क आणि गोळ्यांनी धोका बराच कमी होतो, पण संपत नाही. औषध लागू पडलं तर दोन-तीन दिवसांत त्याच्यापासून भीती उरणार नाही असं डॉक्टर म्हणतात. जिचं लेकरू लहान आहे तिने आत जायचं नाही, विचारायचंही नाही. बाकीच्यांना आत जायचं नसेल तर मी कारण विचारणार नाही, त्यांनी बाहेरचे पेशंट सांभाळायचे, तेही तितकंच काम आहे. आत एका वेळी थोडेच तास. मीसुद्धा पाळीत आहे.

कुणीतरी विचारलं, "सिस्टर, तुम्हाला भीती नाही वाटत?" मी म्हटलं, वाटते, काल हात कापत होते. असं बोलायला नको होतं. इनचार्जने असं बोलायचं नसतं. मग एकेक करून चौघींनी नावं सांगितली. भारतीने नाही सांगितलं. मी तिला बाहेरच्या सगळ्या इंजेक्शनांची जबाबदारी दिली. एकही राहता कामा नये, एवढंच म्हटलं.

मग प्रतापराव साहेबांकडे गेले. ते आमचे ॲडमिनिस्ट्रेटर, आधी मोठ्या हॉटेलात होते. माणूस वाईट नाही, पण पेशंटला पाहुणा म्हणतात. त्यांची केबिन काचेची आहे. ते म्हणाले, त्रिवेणी सिस्टर, बातमी फुटली तर हॉस्पिटल रिकामं होईल, पेशंटला आज संध्याकाळी ॲम्ब्युलन्समधून दुसरीकडे हलवू, आणि तुमच्या मुली घाबरल्या असतील तर एजन्सीकडून मागवू.

मी म्हटलं, या श्वासावर त्याला हलवलं तर तो वाटेत जाईल. आणि एजन्सीच्या मुलींनाही फुप्फुसं असतात.

ते टेबलावरचे कागद सरळ करायला लागले. मी म्हटलं, मी मुलींना खरं काय ते सांगितलं आहे. त्या थांबतायत. मला जाड मास्क पाहिजेत, गाऊन पाहिजेत, सगळ्यांना, झाडूवालीलासुद्धा गोळ्या पाहिजेत. आणि त्यांना राहायला जागा नाही. पाचव्या मजल्यावरच्या डीलक्स खोल्या रिकाम्या आहेत, त्या द्या.

डीलक्स म्हटल्यावर साहेब चमकले. त्या खोल्यांत गालिचे आहेत, केबल टीव्ही आहे, उद्घाटन व्हायचंय. ते म्हणाले, सिस्टर, त्या खोल्या पाहुण्यांसाठी आहेत. मी म्हटलं, "साहेब, नर्सच नसतील तर पाहुणे येऊन काय करतील?"

ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, तुम्ही जा, मी बघतो.

मी वळले तर काचेबाहेर माझ्या मुली उभ्या. भारतीसुद्धा. वॉर्ड सोडून आलेल्या. मी इतकी चिडले. मुद्दाम आवाज न चढवता विचारलं, वॉर्डात कोण आहे? म्हणाल्या, अर्ध्या आहेत, सुजाता अक्कांनी सांगून ठेवलंय. मी म्हटलं, रजाच मागायची होती तर माझ्याकडे मागायची, साहेबांच्या केबिनपाशी गर्दी कशाला? नुसत्या माझ्या मागून चालत वर आल्या.

आज सकाळी मास्क, गाऊन, गोळ्या सगळं आलं. पाचव्या मजल्याच्या किल्ल्याही. विठ्ठलला हलवलेलं नाही. डॉक्टर सुधीरांनी साहेबांना समजावलं असणार. त्यांचे आभार मानायला हवेत.

शुक्रवार, ३० सप्टेंबर

डॉक्टर सुधीरांचे आभार मानले. ते म्हणाले, कशाबद्दल? मी साहेबांना भेटलोच नाही. विनय आहे माणसाला.

विठ्ठलचा ताप उतरायला लागलाय. आज त्याने कपभर सातूचं पाणी घेतलं. त्याची बायको काचेबाहेरून त्याला हात करते, तो मान हलवतो. आज ती रडत नव्हती. गजरा माळून आली होती.

गल्फची विमानं बंद झाली, प्लेगमुळे तिकडचे देश आपल्या लोकांना येऊ देत नाहीत. म्हणजे सुजाताचं मस्कत लांबलं. मला वाईट वाटलं, आणि मनातून बरंही वाटलं. तिला मी एवढंच म्हटलं की विमानं पुन्हा सुरू होतील. ती म्हणाली, "देखींगे अक्का, जल्दी क्या है."

मुली डीलक्स खोल्यांत राहतायत. गालिच्यावर चपला काढून जातात आणि ड्यूटी संपली की चौघी मिळून टीव्ही बघतात. प्रतापराव काल वर बघायला गेले होते. मला वाटलं काहीतरी बोलतील. त्यांनी खालून सगळ्यांसाठी इडल्या पाठवल्या.

भारतीने आज माझ्याजवळ येऊन विचारलं, आत एकदा जाऊ का, तुम्ही बरोबर असाल तर. मी घेऊन गेले. तिने विठ्ठलला इंजेक्शन दिलं. डोळे उघडे ठेवून.

बुधवार, ५ ऑक्टोबर

निकाल आला. प्लेग नव्हता. साधा न्यूमोनिया, पण चांगलाच वाढलेला. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस उशीर झाला असता किंवा गाडीत घालून फिरवला असता तर गेला असता.

ड्यूटी रूममध्ये हसायचं की रडायचं कुणाला कळेना. भारती म्हणाली, "म्हणजे आपण उगीचच घाबरलो का, सिस्टर?"

मी म्हटलं, आत गेलो तेव्हा कुठे माहीत होतं?

गावी गेलेल्या दोघींपैकी एक परत आली. दारातच उभी राहिली. बाकीच्यांनी तोंड फिरवलं. मला काय करावं सुचेना, म्हणून तिला विठ्ठलच्या खोलीतल्या चादरी बदलायला पाठवलं आणि बरोबर सुजाताला दिलं. दोघी बाहेर आल्या तेव्हा बोलत होत्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. इनचार्जने जाब विचारायला हवा होता, असं आता वाटतंय.

रविवार, ९ ऑक्टोबर

बतुकम्मा, इकडच्या बायकांचा फुलांचा सण, चालू आहे. संध्याकाळी मुलींनी हॉस्पिटलच्या गच्चीवर तंगेडूची, म्हणजे आपल्या तरवडाची, आणि झेंडूची फुलं रचून बतुकम्मा मांडली. मीही फेर धरला. मला गाणी नीट येत नाहीत, टाळ्या तेवढ्या बरोबर वाजवते. विठ्ठलची बायको आली होती. परवा त्याला घरी सोडलं. ताठ चालत गेला, लिफ्ट नको म्हणाला. तिने सुजाताच्या हातात एक साडी ठेवली, बेगम बाजारची. सुजाताने ती घेतली आणि माझ्या खांद्यावर टाकली. मी नको म्हटलं तर सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. कठीण मुलगी आहे, पण मनाने चांगली.

गच्चीवरून येताना अंगात कसकस जाणवली.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

तीन-चार दिवस तापाने झोपून होते. पहिल्या दिवशी ह्यांचा चेहरा बघवत नव्हता. डॉक्टर सुधीर स्वतः अंबरपेठेला घरी येऊन छाती तपासून गेले. घसा आणि थकवा, बाकी काही नाही म्हणाले. ते गेल्यावर हे स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत होते. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी भांडी घासलेली मी कधी बघितली नव्हती. शिल्पाने पिठलं केलं, जरा गाठी झाल्या होत्या.

एक मात्र मनाला लागलं. या एवढ्या दिवसांत हॉस्पिटलातून मला एकही फोन आला नाही. शेजारी फोन आहे, नंबर सगळ्यांकडे आहे. ऑक्सिजनचा नवा सिलिंडर कुणाच्या सहीने घ्यायचा, पाळ्या कशा लावायच्या, काहीतरी विचारायला हवं होतं की नाही? काल राहवेना म्हणून मीच शेजारी जाऊन फोन लावला. भारतीने उचलला. मी विचारलं, काही अडलंय का?

"काही नाही, सिस्टर. सगळं चालू आहे. तुम्ही झोपा बरं," म्हणाली, आणि ठेवूनही दिला. मागे कुणाला तरी सलाइनचं सांगत होती, तेवढं ऐकू आलं.

ह्यांना सांगितलं. हे हसायला लागले. मी म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे? उठले आणि पाण्याचा तांब्या भरून आणला.

शनिवार, १५ ऑक्टोबर

काल दसऱ्याला घरीच होते, आज कामावर गेले. मनात धास्ती होती की वॉर्डाचं काय झालं असेल. सुजाताने रिपोर्ट दिला. एकेक पेशंट, एकेक इंजेक्शन. मी चूक शोधत होते, सापडली नाही. परत आलेली मुलगी भारतीबरोबर ड्रेसिंगची ट्रॉली ढकलत होती. काचेच्या खोलीत एक आजोबा आहेत, दम्याचे. त्यांच्याशी एक मुलगी गप्पा मारत बसली होती. मी आत डोकावले तर तिने हसून मान हलवली आणि पुन्हा बोलायला लागली.

प्रतापराव साहेब भेटले. म्हणाले, मद्रासचे ते साहेब पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत, या वेळी तुम्ही थोडं बोला, तुमचा अनुभव सांगा. मी म्हटलं, माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे? आत जायला मुली स्वतःहून तयार झाल्या, खोल्या तुम्ही दिल्या, पेशंट डॉक्टरांनी वाचवला. ते म्हणाले, हेच सांगा.

करायला काहीच उरेना तेव्हा ड्यूटी रूममध्ये जाऊन बसले. आयाने चहा आणून ठेवला. या हॉस्पिटलात आल्यापासून माझा प्रत्येक चहा गार झालाय. एक घोट घेतला की कुणीतरी हाक मारतंच. आजही मी कप हातात धरून दाराकडे बघत होते. बाहेर पावलं वाजत होती, सुजाताचा आवाज येत होता, ट्रॉलीचं चाक कुरकुरत होतं. कुणी आलं नाही.

शेवटी सगळा चहा प्यायले. गरम होता. आल्याचा.